सोमवारपर्यंत कळवा

पत्रात शेवटी एवढंच: सोमवारपर्यंत कळवा.
पगार इथल्या अडीचपट. राहायला परळला
एका खोलीत दोघी. समुद्र
चालत गेलात तर पाऊण तासावर.

आज शुक्रवार. अजिंक्यताऱ्याच्या निम्म्या चढावर
बुटाची नाडी बांधायला मी थांबलेय.
नाडी सुटलेली नाही.

खाली गाव एकेक दिवा मालवतंय.
शाहूपुरीकडे कुणीतरी पाण्याची मोटर लावली,
पोवई नाक्यावर एका ट्रकनं गिअर बदलला,
बाकी काही नाही. मला ऐकण्याचाच पगार मिळतो,
म्हणून सांगते: तीस डेसिबल. फार तर पस्तीस.

वरून उतरणारे सपकाळ काका हात करतात.
"काय शलाका, यंदा तरी पेढे?"
पेढे या गावात बाराही महिने मिळतात,
पण मी छत्तिशीची झाले,
म्हणून माझ्याकडून त्यांना एकाच कारणाचे हवेत.

मुलाखतीला गेले तेव्हा संध्याकाळी
वरळीच्या कठड्यावर दोन तास बसले होते.
शेजारी एक मुलगा
अख्खं कणीस संपेपर्यंत रडत होता
आणि तू कुणाचा, असं त्याला कुणी विचारलं नाही.
मीही नाही.
किती हलकं वाटलं मला, काय सांगू.
भरती होती. फोनवर समुद्राचा आवाज मोजून पाहिला,
पण त्यातून पाठीमागच्या गाड्या
वजा करता येईनात.

काल बजाबा शेलार आले होते,
जावळीतल्या कुठल्याशा वाडीचे.
एकतीस वर्षं मस्जिद बंदरला पाठीवर पोती,
डाव्या कानाला आता जाडेभरडेच आवाज पोचतात.
मशीन बसवलं, चालू केलं.
ते कितीतरी वेळ छताच्या पंख्याकडे बघत राहिले.
"ह्यो आधीपास्नंच वाजत हुता?"

मग मी विचारलं. विचारायला नको होतं,
पेशंटपुढे कुणी आपलं रडगाणं काढतं का?
"डोंगर बघाया भाडं न्हाई, पोरी," ते म्हणाले,
"पर डोंगर पगारबी देत न्हाई."
आणि चपला घालता घालता:
"मुंबईनं ह्यो कान न्हेला. तिन्ही लेकी शिकल्या.
हिशेब काय आजून लागला न्हाई."

परळला दीड-दोन वर्षांची मुलं येतात म्हणे,
आईचा आवाज कधीच न ऐकलेली.
यंत्र सुरू होतं त्या क्षणी
काही हसतात, बरीचशी घाबरून रडतात,
आणि ते रडणं आवरायला
माझ्यासारखं कुणीतरी लागतं.
इथे टायरच्या दुकानावरच्या दवाखान्यात
मी सेल बदलून देते, कानातला मळ काढते,
"सुनेचं बोलणं तेवढं कमी ऐकू येईल असं करा"
या विनोदावर आठवड्यातून चारदा हसते.

आणि रविवारी यवतेश्वरचा घाट.
सायकलवर, बसायचं नाही, उभ्यानं.
शेवटच्या वळणावर कासकडचा वारा
घामावर येऊन आदळतो.
ही ओळ बायोडेटात कुठल्या रकान्यात भरायची?

माझ्या दवाखान्यात एक पेटी आहे,
माणूस मावेल एवढी, आवाज आत न येऊ देणारी.
तशीच परळलाही असणार.
दार ओढलं की बाहेर कुठलं गाव आहे
याचा पत्ता लागत नाही.
आत स्टूल, हेडफोन,
आणि पेशंटच्या हातात एक बटण:
ऐकू आलं की दाबा.

वर पोचले. टॉवरचा लाल दिवा अजून चालूच.
फोन हातात आहे, इथे रेंजही भरपूर.

खूपजण खोटं दाबतात.
मी काहीच वाजवलेलं नसतं
आणि पलीकडे दिवा लागतो,
कारण शांततेत फार वेळ बसलं
की आपण नापास होतोय असं वाटायला लागतं.
मी काचेतून त्यांना हातानं खूण करते, सावकाश.
पुन्हा पहिल्यापासून घेऊ.

आज शुक्रवार.