दोन हजारचा पेपर

गुरुवारी लाइट जाणार, बुधवारीच मारून टाकू,
इलाही मेस्त्री म्हणाले.
फुरसुंगीच्या शेडमध्ये मी बादलीभर पाणी शिंपडलं.
धूळ बसली. आम्हीही जरा बसलो.

काचांवर जुने पेपर चिकटवलेले:
पुढच्या काचेवर कुणी घटस्फोटित, निर्व्यसनी, स्वतःचा फ्लॅट.
गाडी कोथरूडच्या एका बाईंची.
डाव्या दाराला काय झालं ते सांगितलं नाही त्यांनी,
एवढंच, की काही झालंच नव्हतं असं करून द्या.

पुट्टी, प्रायमर, निळा, सगळं झालेलं.
निळा कोरडा, पाटीसारखा मुका.
आता क्लिअर. दोनास एक हार्डनर.
पहिला हात उडता. मग चहा.
मग कडेच्या पेपराला बोट लावून बघायचं,
चिकटतंय, पण तार येत नाही,
तेव्हा दुसरा, ओला,
वीतभर अंतर, मनगट न वळवता,
प्रत्येक पट्टा आधीच्यावर अर्धा चढवत.

ट्यूबलाइट दारात उतरली.
‘सरळ दिसतीय का रे?’
वर्षभर हे मलाच विचारतात.
‘माझ्या डोळ्यांवर वरच्याने क्लिअर मारलाय,
पॉलिश करायचं राहिलं त्याचं.’
ऑपरेशनचा विषय काढला की
कॉम्प्रेसर चालू करतात.

सरळ होती. हँडलखाली थोडी संत्र्याची साल.
तेवढ्यात कालव्याकडून एक चिलट आलं
आणि दारावर टेकलं.
मी हात पुढे केला.
‘नको! किडा निघेल, तुझं बोट राहील.’
मग ते हलायचं थांबेपर्यंत
आम्ही दोघं उभे.

शुक्रवारी दोन हजारचा पेपर, साबणाचं पाणी.
सगळी चमक मीच घालवली.
ताक सांडल्यासारखं दार.
(पहिल्यांदा हे केलं तेव्हा रडायचाच बाकी होतो.)
मग कंपाउंड, मग मशीन, मग मऊ फडकं,
आणि ट्यूब परत आली.
चिलटाचे पंख गेले. एक पाय राहिला,
पापणीच्या केसाएवढा, खोल.
अजून घासलं असतं तर निळा उघडा पडला असता.

मेस्त्रींनी पालथा हात फिरवला.
‘काही लागत नाही.’
पायाचं मी बोललो नाही.

बाई आल्या. पैसे मोजून दिले.
दारात बघून केस सारखे केले,
मग हँडलखाली, पायाच्या दोन बोटं अलीकडे,
बोट टेकवलं.
‘इथे होतं,’ म्हणाल्या.

त्या गाडीत बसल्यावर
मी फडक्याने ठसा पुसला.