हासळीच्या मागे

गुरुवारी रात्री मी दवाखान्याचं शटर अर्धं ओढते,
फोन खिडकीच्या त्याच गजाला बांधते
जिथे सिग्नलच्या दोन काड्या मिळतात,
आणि श्रीवर्धनातून शिकवायला बसते
एकशे बारा मुलांना.
चेहरे नाहीत. नुसती नावं, काळ्या चौकटींत.

अलिबागहून सर्जन साखळकर,
रत्नागिरीहून पॅथॉलॉजीच्या मुणगेकर बाई,
छातीचे लेले, नेहमी जेवता जेवता.
पेशंट एक, आम्ही चौघं.
आवाज येतोय का, ही आमची प्रार्थना.

बाहेर वाळत घातलेल्या सुपारीचा वास,
जीवना बंदरावर बर्फ फोडायचं यंत्र.
मी सांगते: हवा काळी, हाड पांढरं,
चरबी आणि पाणी मधल्या करड्यात,
पोफळीच्या बागेत दिवेलागणीला दिसतं तसं.
फिल्मचा उजवा तुमच्या डाव्या हाताला.
आणि एक सापडलं म्हणून थांबू नका.
एक सापडलं की डोळे पेन्शनीत जातात.
हे वाक्य माझं आवडतं. दर बॅचला सांगते.

त्या गुरुवारी केस सोपी होती.
पुरुष, अठ्ठावन्न, पोफळीवरून अर्ध्यातून घसरला.
नाव झाकलेलं.
डावी आठवी बरगडी, बारीक चीर;
ती मी दाखवायची,
आणि काय करायचं नाही ते साखळकरांनी सांगायचं.

पण चित्र वरून उतरू लागलं, पट्टी पट्टीनं.
मान, खांदे, दोन्ही हासळ्या,
आणि तिथेच अडकलं.
खाली राखाडी, त्यावर फिरणारं चक्र.
मी म्हटलं, थांबा जरा, बघायचं ते खाली आहे.
लेले म्हणाले, तोवर भात संपवतो.

एक चौकट उजळली. इफ्फत हुरजुक, दुसरं वर्ष.
"मॅडम, आलंय तेवढ्यातलंच विचारू?
उजव्या हासळीच्या मागे
डाव्यापेक्षा पांढरं का आहे?"

मी चष्मा काढला. पुसला. घातला.
बंदरावरचं यंत्र थांबलं होतं,
किंवा मला ऐकू येत नव्हतं.

नखाएवढं.
खडपाच्या कपारीत कालव बसावं तसं
हाडाच्या आडोशाला.
दीड महिन्यापूर्वी याच फिल्मखाली
मी लिहिलं होतं: फुप्फुसं निर्दोष.
खाली सही.

लेल्यांचा घास थांबलेला माइकवर ऐकू आला.
"जुन्या क्षयाचा व्रण असेल," ते म्हणाले.
साखळकर म्हणाले, "नसेलही."
मुणगेकर बाई म्हणाल्या, "तुकडा हातात आल्याशिवाय
मी तोंड उघडत नाही."
मुलं हे सगळं लिहून घेत होती.
मग उरलेलं चित्र एकदम कोसळलं,
बरगडी आली, चीर आली,
आणि तिच्याकडे कुणी पाहिलंच नाही.

सकाळी जानू कोबनाकला फोन लावला.
पाडेली. एका पोफळीवरून दुसरीवर
झोका घेऊन जाणारा.
"जुलली की वो बरगडी, आता कशाला?"
म्हटलं, वरचं बघायचं राहिलंय.
तो हसला. "बाय, वरचं बघायचा धंदा माजा.
तुमी खालच्यांनी खालचं बघा."
मी गाडीभाड्याचं बोलले. अलिबाग, सीटी.
"सुपारी उतरवून येतो, चार दिस."
आज, म्हटलं. आजच ये रे.
पलीकडे तो पहिल्यांदा गप्प झाला.

तुकड्याचा रिपोर्ट अजून यायचाय.
आज पुन्हा गुरुवार. तीच फिल्म लावलीय,
शेजारी माझा कागद.
त्याचं नाव झाकलं.
माझ्या सहीपर्यंत कर्सर गेला,
तिथे थोडा थरथरला, परत आणला.

साडेआठ. आवाज येतोय का?
येतोय मॅडम, कुणीतरी म्हणतं, चित्र नाही अजून.
असू दे.
येईल तेवढं बघायला लागा.