गाळलेल्या जागा

पॉल गावापाशी हंबर नदी ओहोटीला मागे सरते,
तेव्हा जे उघडं पडतं त्याला इथं नुसतं मड म्हणतात.
मी मनातल्या मनात खाजण म्हणते.
मॅव्हिस थ्वेट पुढे, गुडघ्यापर्यंतच्या रबरी बुटांत,
मागे मी, पाण्याच्या दोन बाटल्या, गाळाची एक डबी.
डबीवर तारीख, वेळ, किती खोलीवरून काढला.
'बूट दोनदा रुतला' हे मॅव्हिस लिहू देत नाही.

पाण्याचं काम सोपं.
गाळणीवर जिवाणू अडकतात,
त्यांना खाणारे विषाणू खाली उतरतात,
इतके बारीक की ते गेल्याचा गाळणीला पत्ता नसतो.
गाळाचं तसं नाही. गाळ धरून बसतो.
त्याला द्रावणात अर्धा तास हलवायचं,
यंत्रात गरगर फिरवायचं, पुन्हा हलवायचं,
तरी मातीचा कण सगळं सोडत नाही.
सुटलं तेवढंच आम्ही मोजतो
आणि अहवालात त्याला 'एकूण' म्हणतो.

मग आगर.
पहिल्या दिवशी हा शब्द ऐकून मला हसू फुटलं होतं.
आमच्या उरणला आगर म्हणजे मिठाचं,
बांध घालून समुद्र वाळत टाकायची जागा.
इथलं आगर शेवाळाचं, नळीत पातळ,
अठ्ठेचाळीस अंशांवर जागतं ठेवलेलं.
त्यात जिवाणू घालायचे, विरजण लावावं तसे,
वर नमुन्याचे थेंब,
आणि थाळीवर ओतायचं, हात न थांबवता.
रेंगाळलात की गुठळ्या.
मॅव्हिस तेवढा वेळ श्वाससुद्धा घेत नाही.

रात्रभर सदतीस अंश.
सकाळी थाळीभर जिवाणूंची धुरकट साय
आणि सायीत भोकं.
विषाणू दिसत नाही,
तो जिथं जेवून गेला ती जागा दिसते.
शाळेत दुसरा प्रश्न असायचा,
गाळलेल्या जागा भरा, पाच गुण.
इथं भरायच्या नाहीत.
उजेडासमोर धरून मोजायच्या.

पाण्याच्या थाळीत अकरा.
गाळाच्या थाळीत भोकाला भोक लागून
सायच उरली नव्हती,
शंभरपट पातळ केली तिच्यात त्रेचाळीस.
मी आकडे लिहीत होते, खुशीत.
मॅव्हिसनं शेवटची थाळी उचलली,
जिच्यात नमुन्याचा थेंबही नव्हता, नुसतं कोरं द्रावण.
खिडकीशी नेली. फिरवली. चष्मा पुसला.

एक.

मोहरीएवढं, कडेला.

कुणाचा हात, हे तिनं विचारलं नाही.
वहीत अकरावर रेघ, त्रेचाळीसवर रेघ,
शेजारी तिच्या तिरक्या अक्षरात 'रद्द',
आणि किटली लावायला गेली.
मी थाळी धरून उभी.
तेवढ्याशा भोकातून समोरच्या भिंतीची
हलच्या धुक्यात भिजलेली वीट दिसत होती,
अर्धीच, पण स्वच्छ.

आतून आवाज आला:
गुरुवारी ओहोटी पहाटे पाच चाळीसला.
बूट वाळवून ठेव.