आठला निम्मा

हाचिनोहेत रात्र साडेचारलाच पडते,
सातपर्यंत ती शिळी होते.
बंदरावरून आलेला बर्फ दाराच्या काचेवर वितळत असतो
आणि आमच्या सुपरमार्केटात
तळलेल्या माशांच्या खणाजवळ
माणसं उगाच रेंगाळायला लागतात.

कुणी सोया सॉसच्या बाटलीवरचं बारीक अक्षर वाचतं,
कुणी मुळा उचलतं, ठेवतं, परत तोच उचलतं.
नुकाझावा मास्तर मांजराच्या खाण्याच्या डब्यांपाशी.
त्यांचं मांजर जाऊन दोन हिवाळे झाले.

माझ्या खिशात पिवळ्या स्टिकरांचं भेंडोळं.
सातला वीस टक्के, आठला निम्मा,
एक मिनिट आधी नाही, असं मॅनेजर कुमागाई म्हणतात.
एरवी मला इथं कोण भाव देतं?
पण आठ वाजता भाव पाडते ती मीच,
तेव्हा सगळं दुकान माझ्या हाताकडे बघतं.
तोंडाकडे नाही.
तोंडाकडे बघायचं नाही
हे आम्ही न बोलताच ठरवलंय.

काल वामचा एकच डबा उरला होता,
भाजलेला, वरून चकाकणारा.
सकाळी मीच भरला, तेव्हा काय त्याचा तोरा!
तो कुणाचा, हे सगळ्यांना माहीत होतं.
मुळावाल्या बाईसुद्धा त्याच्याकडे पाठ करून उभ्या होत्या.

सात अठ्ठावन्न.
लांब कोटातला एक पोरगा आला,
कानात काहीतरी वाजत होतं,
त्यानं डबा उचलला
पूर्ण किमतीत
आणि गेला.

कुणी काही बोललं नाही. बोलण्यासारखं होतं काय?
फ्रीजची घरघर तेवढी मोठी झाली.
मास्तरांनी मांजराच्या खाण्याचा एक डबा
टोपलीत ठेवला,
जणू त्याच्यासाठीच आले होते,
आणि काउंटरवर सुटे पैसे
एकेक मोजून दिले.

मग आठ वाजले.
चप्प. बांगडा. चप्प. बटाट्याची क्रोकेट.
एक हात पुढे येतो, एक थांबतो,
बोटाशी उसवलेला लोकरी हातमोजा
आधी दुसऱ्याला घेऊ देतो.

क्रोकेटचं शेवटचं पाकीट माझ्या पिशवीत.
घरी आईच्या पुढ्यात ठेवण्याआधी
नखानं स्टिकर खरवडते.
कागद निघतो, डिंक राहतो.
ताजं आहे ना गं, आई विचारते.
आजचंच आहे, म्हणते.
खोटं नाहीच ते.