बंद करू नका

गुरुवारी रात्री फाहाहीलला धूळ उठली.
खिडकीच्या फटीत आम्ही ओले टॉवेल कोंबले:
एक अनिस मुकादमचा, एक माझा,
एक शिनोजचा, कोल्लमच्या सराफाचं नाव छापलेला.
सकाळी तिन्ही तांबडे.
तरी चहात कचकच.

शुक्रवारी सहाला, म्हणजे देवरुखात साडेआठला,
मैथिली सतराचा पाढा म्हणून दाखवणार होती.
माझ्या फोनची काच तडकलेली,
पोर म्हणते, बाबा, तुम्ही तुकड्यातुकड्यांत दिसता.
म्हणून केस विंचरून कॉम्प्युटरपुढे बसलो.
पडदा निळा झाला:
अपडेट चालू आहे. सतरा टक्के.
कॉम्प्युटर बंद करू नका.

बघा, म्हटलं, नेमके सतराच.
मग नाइलाजाने पाढा मीच सुरू केला.
सतरा दुणे चौतीसला अनिसचा चहा उतू गेला.
एक्कावन्नला बायकोचा मिस्ड कॉल.
अडुसष्टला तो बराच वेळ अडकला,
मीही लहानपणी तिथेच अडकायचो.
पंच्याऐंशीला तिकडे पोर झोपली होती.
त्यापुढचा पाढा टक्क्यांत मावत नाही.

पडदा उघडला तर डोंगर. बर्फाचा. कुठला कोण जाणे.
इथे विहिरीच्या काठावर एक मुलगी बसलेली असायची,
बाप्टिस्ट डिमेलोची.
कायमचा घरी जाताना त्याने हे यंत्र
अठरा दिनारांना आम्हाला विकलं,
मुलगी आत तशीच राहिली.
चार वर्षांत तिला उठवणं
आमच्यातल्या कुणाच्या हातून झालं नाही.

"अपडेटच टाक ना बंद करून," अनिस म्हणाला.
"हा कुठला पाहुणा? न विचारता शिरतो,
सामान इकडचं तिकडे करतो,
आणि वर आपल्यालाच सांगतो, दार लावू नका."
शिनोज पलंगावरून, डोळे न उघडता:
"मंगफच्या किराणावाल्याने असंच बंद केलेलं.
एक दिवस सगळा हिशोब कुलपात,
आणि किल्लीचे पैसे मागणारा कुठल्या देशात, माहीत नाही."
मग हनुवटीने खिडकी दाखवली.
"ते टॉवेल पण काढ मग.
ते पण सारखे भिजवावे लागतात."

मी बाण बटणापर्यंत नेला. तिथेच ठेवला.
खरं सांगू, राग कशाचा होता?
इथे आपोआप काहीच होत नाही.
इकामा संपत आला की मंदूबच्या मागे फिरा,
रक्त द्या, छातीचा फोटो द्या, बोटं उमटवा,
चौदा वर्षं तीच दहा बोटं, तरी दरवेळी नव्याने.
आणि हे अठरा दिनारांचं खोकं
झोपेत, फुकट, न मागता
पुढच्या मुदतीचं होऊन बसतं.
हेवाच म्हणायचा.

आणि दुसरं. मागच्या रजेत मैथिली
बाराच्या पाढ्यावर होती.
तेरा, चौदा, पंधरा, सोळा
मला न विचारता पाठ झाले.

शेवटी बंद केलं नाही.
वेळ नेमून दिली, पहाटे तीन ते पाच.
शुक्रवार तेवढा वगळायचा होता,
तशी सोय त्यात नाही.
डोंगर काढायला गेलो तर विहीर कुठेच सापडेना.
असेल कुठल्यातरी फोल्डरात, शिनोज म्हणाला, उद्या बघू.

मंगळवारी साडेतीनला जाग आली.
खोलीत निळा उजेड. एकेचाळीस टक्के.
अनिसने तोंडावर पांघरूण ओढलेलं,
बाहेर पुन्हा वारा.
मी टॉवेल काढले, मोरीत पिळले,
भिजवून फटीत बसवले,
आणि एकेचाळीस कुठल्या पाढ्यात येतात
ते आठवत पडून राहिलो.