डाव्या अंगाला

ह्यांनी राजदूतला डाव्या अंगाला
तिसरं चाक जोडलं,
माझे गुडघे गेले त्या दिवाळीत.
भंगारातल्या मारुतीची सीट,
स्प्रिंगा टेम्पोच्या. फार कडक.
पहिल्याच दिवशी बुधगावच्या फाटकात
माझी कवळी उडून मांडीत पडली.

मग एक स्प्रिंग काढली. मग गोधडी घातली.
मग म्हणाले, "तू हलकी पडतीस,"
आणि पायाशी वाळूचं पोतं ठेवलं.

माधवनगरात कुबेरअण्णा ओरडला,
"भूपालदा, वहिनीस्नी पार्सल केलंय व्हय?"

चाळीस वर्षं मागं बसले, एका अंगावर,
पदर दातात धरून.
पुढं नुसता शर्ट, त्यावर घामाचा नकाशा.
आता गियरवरचा पाय दिसतो.
चपलेचा अंगठा तुटलाय, खिळा मारलाय.
कधीपासून, कुणास ठाऊक.

ट्रकचं चाक माझ्या कानाशी बोलतं.
हळदीची धूळ, धूर, सगळं आधी मला.
डावं वळण आलं की माझं चाक
जमीन सोडतं जराशी,
हे "रेल" म्हणायच्या आत मी बाहेर रेललेली असते.

मिरजेला डॉक्टरनं विचारलं,
"येताना त्रास होतो का?"
हे माझ्याकडं बघत राहिले,
निकालाला उभ्या पोरागत.
मी म्हटलं, नाही.

परत येताना खड्डा, रस्त्याच्या मधोमध.
ह्यांची दोन चाकं एका रेषेत, माझं वेगळ्या.
कुणीतरी एकानंच जायचं होतं त्यातून.
मला काहीच कळलं नाही.
फक्त ह्यांचा चष्मा
माझ्या मांडीत येऊन पडला.