परत आलेलं पार्सल

सर्वोत्कृष्ट चित्रपट: ताजिकिस्तान.
दांडिया बाजारातल्या सभागृहात
आम्ही बेचाळीस जण, त्यातले चार मांडववाले,
टाळ्या वाजवल्या खऱ्या;
घ्यायला कुणी नव्हतं.

मग मी रावपुऱ्याच्या पोस्टात गेले.
खिडकीतले पागेदार म्हणाले, किंमत लिहा.
पितळ साडेतीनशे, लाकडी बैठक ऐंशी,
नाव कोरायचे अक्षरी बारा रुपये.
मी बेरीज करत राहिले. त्यांनीच लिहिलं:
भेटवस्तू, विक्रीसाठी नाही.

पाच महिन्यांनी परत आलं.
कोपरा चेपलेला, अंगभर शिक्के,
एकही धड वाचता येत नाही.

गुलरूबाई, तुमच्या चित्रपटात
पूल वाहून गेल्यावरही ती बाई
रोज पलीकडच्या बहिणीला हाक मारते,
आणि आवाज पोचला का, ते
तुम्ही शेवटपर्यंत दाखवत नाही.
निवड समितीत यावरून भांडण झालं.
दाखवायला हवं होतं,
असं म्हणणारी मीच.

पार्सल सध्या शिलाई मशीनवर आहे.
हे विचारतात, उघडायचं का?
नको.
सोमवारी पुन्हा जाईन खिडकीशी,
पत्ता जरा मोठ्या अक्षरात लिहून.